तिसऱ्या प्लगचा आटा

मी एक आटा बोलतोय. दळणाचा नव्हे. माणसं भांडताना एकमेकांचे ढिले झालेले काढतात ना, त्या जातीचा. एका जुन्या मोटारीच्या इंजिनात, तिसऱ्या स्पार्क प्लगच्या भोकात माझं घर आहे. प्लगला वेटोळं घालून धरून ठेवणं एवढंच माझं काम.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात एक धारदार हत्यार फिरत आत गेलं, फिरत बाहेर आलं, भोकाच्या भिंतीवर वळसे कोरले गेले आणि मी झालो. अंगाने मऊ. माझ्यात बसणारा प्लग मात्र पोलादी. तरी आमचं जमलं, कारण बसवणारे हात बेताने चालायचे.

मग एकदा गॅरेजवाल्याने प्लग सैलच ठेवला. मालक आपल्या आईला दवाखान्यात नेत होते. गाडी पुलावर बंद पडली. मागे हॉर्नचा गलका, आत आईला लागलेली धाप. त्या दिवसापासून मालकांचा कुणाच्याच हातावर विश्वास उरला नाही.

आज आईला शस्त्रक्रियेनंतर घरी आणायचं होतं. सकाळी मालक स्वतःच नवे प्लग बसवायला लागले. मालकीणबाई खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत शेजारी उभ्या होत्या.

"अहो, आधी बोटांनी फिरवायचा. टेकला की पान्याने अर्धा फेरा. बास."

"लिहिणाऱ्याची आई पुलावर अडकली नव्हती."

पहिल्या दोन प्लगचे आटे, माझे भाऊ, कसेबसे निभावले. माझ्या वेळी अर्धा फेरा झाला, नवं वॉशर दबलं, प्लग माझ्यात नीट गुंतला. इथे थांबायचं होतं.

"आणखी थोडं," मालक म्हणाले आणि पान्याच्या लांब दांडीवर अंगाचा भार टाकला. मला आवाज असता तर मी ओरडलो असतो. माझे वळसे एकामागून एक सोलले गेले. पाना एकदम हलका झाला.

"बसला!" मालक खूश.

"घट्ट बसलेली वस्तू अशी गरकन फिरते होय?"

"झालं तुझं सुरू!"

दुपारी दवाखान्यातून निघताना आई मागच्या सीटवर, पोटाशी उशी धरून बसली; मालकीणबाई पुढे. चढ लागला आणि माझ्या फाटक्या अंगातून वायू सुटायला लागला. चिक्, चिक्, चिक्. आयुष्यात पहिल्यांदा मला आवाज फुटला.

"अरे, काय वाजतंय?" आईने विचारलं.

"काही नाही गं. कान तपासले नाहीत वाटतं दवाखान्यात?"

"कान शाबूत आहेत माझे. तू पाळण्यात असल्यापासून तुझं 'काही नाही' ओळखते मी. थांबव गाडी."

गाडी कडेला थांबली. त्या माउलीने माझं ऐकलं म्हणून मला केवढं हायसं वाटलं! पण बॉनेट उघडलं, आणि मालकांच्या हातात तोच पाना होता.

"अहो, नका हात लावू. इंजिन तापलंय. मेकॅनिकला बोलवू."

"मेकॅनिकनेच तर तेव्हा सैल ठेवला होता. तो येईपर्यंत आईला उन्हात बसवू? जरा आवळतो."

माझे दोनच वळसे धड उरलेत. प्लग त्यांच्यावर लटकलाय. तेही गेले तर तो बाहेर उडेल आणि गाडी इथेच राहील. तुम्ही कधी प्लग बसवलात, तर पाना हलका झाल्यावर खूश होऊ नका. मी सैल झालो नाही हो, मी तुटलोय. हे मालकांना कोण सांगणार?

"झालं का रे?" आई खिडकीतून विचारतेय.

पाना प्लगवर बसला.

"झालंच, आई. आणखी थोडं."