बुधवारचा लाइनबॅकर

शिट्टी वाजली तेव्हा चेंडू घेऊन धावणारा गडी सेमिसी फोनुआच्या मिठीत जमिनीवर होता, आणि तरीही चूक सेमिसीचीच होती.

“तिकडे जायला कुणी सांगितलं होतं?” कोच पेट्राको चालत जवळ आले. दुसऱ्या फळीत उभे राहून बचाव करणारे सगळे लाइनबॅकर त्यांच्या हाताखाली होते.

“चेंडू तिकडे होता, कोच.”

“आज होता. रविवारी तो तू सोडलेल्या फटीतून जाईल. तुझी फट कुठली?”

“डावी.”

“मग तिथे उभा राहा. खांबासारखा. पकडायला दुसरे आहेत.”

सेमिसीने मान हलवली. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात त्याला मोकळं सोडलेलं असायचं. चेंडू जिथे, तिथे तो. ते पाहूनच टोलेडोच्या संघाने त्याला दुसऱ्या फेरीत निवडलं. पण ज्यांनी निवडलं ते कोच वर्षभरात संघ सोडून गेले आणि पेट्राको स्वतःची मांडणी घेऊन आले. समोरच्या फळीतली प्रत्येकाची एक फट, ती राखायची, हलायचं नाही. सेमिसीला ती मांडणी पानन् पान पाठ होती. मैदानात मात्र आधी पाय निघायचे, मग डोकं त्यांना मागे ओढायचं, आणि तेवढ्यात समोरचा निसटायचा. हा त्याचा चौथा मोसम होता.

“जा,” पेट्राको म्हणाले, “लाल बंडी घाल.”

लाल बंडी म्हणजे सोंग. दर बुधवारच्या सरावात, अकरांत ज्यांना जागा नाही त्यांनी ती घालायची आणि येत्या रविवारी ज्यांच्याशी गाठ आहे त्यांच्यासारखं खेळून दाखवायचं. मैदानाच्या त्या टोकाला एक मदतनीस कोच पुठ्ठा धरून उभा असे. कुणी कुठून कुठे धावायचं ते त्यावर बाणांनी काढलेलं. बंडीवाले पुठ्ठा बघायचे, अर्ध्या जोराने धावायचे, वेळ काढायचे.

सेमिसीने पुठ्ठ्याकडे पाहिलंच नाही. त्या आठवड्यात टल्साशी सामना होता, आणि टल्साच्या लाइनबॅकरचे सगळे सामने त्याने सोमवारपासून पडद्यावर पाहिले होते. तो त्याच्यासारखाच जरा वाकून उभा राहिला, त्याच्यासारखीच बोटं झटकली. चेंडू हलला आणि पुढच्या क्षणी संघाचा सेंटर डेल व्होइनोविच उताणा पडला होता.

व्होइनोविच संघाचा कप्तान. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला राखणाऱ्या फळीच्या मधोमध उभं राहून त्याने बारा मोसम काढले होते. दोन्ही गुडघ्यांवर टाक्यांचे व्रण होते. बंडीवाल्याने त्याला सरावात पाडायचं नसतं.

व्होइनोविच उठला. पाठीवरचं गवत झटकलं.

“तो असा येतो?”

“असाच येतो.”

“पुन्हा ये.”

सेमिसी पुन्हा आला. सहा वेळा आला. सातव्या वेळी व्होइनोविचने त्याला छातीवर झेलला, आणि दोघेही जागच्या जागी धापा टाकत उभे राहिले.

त्यानंतर बुधवारचं रूपच पालटलं. सेमिसी कधी धूर्त म्हातारा व्हायचा, पाऊलही न उचलता वाट अडवणारा. कधी विशीतलं वासरू व्हायचा, सैरावैरा सुटलेलं. फळीतले गडी कपडे बदलता बदलता त्याच्या चालीवरून ओळखायला बघायचे.

“आज कोण रे तू? लंगडतोयस म्हणजे मेम्फिसचा म्हातारा.”

“गप रे, त्याला अंगात येऊ दे.”

सेमिसी हसायचा आणि बंडी डोक्यातून घालायचा. त्या मोसमात टोलेडोच्या फळीएवढी भक्कम फळी दुसऱ्या कुणाची नव्हती. वर्तमानपत्रांत व्होइनोविचचे फोटो येत.

नोव्हेंबरात दोन लाइनबॅकर एकाच सामन्यात जायबंदी झाले आणि पेट्राकोंनी सेमिसीला खऱ्याखुऱ्या बचावात उतरवलं. अकरा वेळा तो डाव्या फटीपाशी उभा राहिला. दहा वेळा खांबासारखा राहिला. अकराव्या वेळी उजवीकडे चेंडू दिसल्यासारखा वाटला, पाय निघाले, आणि त्याने सोडलेल्या वाटेने मेम्फिसचा गडी थेट शेवटच्या रेषेपर्यंत गेला.

संध्याकाळी टेक्सासहून वडिलांचा फोन आला. ते युलेसमध्ये राहायचे आणि विमानतळावर सामान चढवायचे.

“पाहिलं आम्ही,” ते म्हणाले. “तुझ्या आईने अख्ख्या चर्चला बोलावलं होतं. अळूच्या पानांत मांस बांधून दोन पातेली लू शिजवलं.”

“उरलं असेल मग.”

“छे. ते तर सगळं संपलं.” वडील म्हणाले. “दहा वेळा नीट उभा होतास. मी मोजलं.”

दुसऱ्या दिवशी पेट्राकोंनी त्याला खोलीत बोलावलं. दार लावलं. ते गोल गोल बोलणारे नव्हते.

“मार्चमध्ये तुझा करार संपतोय. मी तुला पुन्हा मागणार नाही. खोट तुझ्यात नाही, फोनुआ. माझ्या मांडणीत तू बसत नाहीस, एवढंच.”

सेमिसीने गुडघ्यांवरचे हात उचलून पुन्हा गुडघ्यांवर ठेवले.

“बुधवारी यायचं ना, कोच?”

पेट्राकोंनी कागदावरून नजर वर केली.

“यायचं,” ते म्हणाले.

डिसेंबरात ओमाहाशी सामना होता. ओमाहाकडे क्विन्सी हॉलोवे होता. त्या वर्षी त्याच्याएवढी धास्ती दुसऱ्या कुठल्याच लाइनबॅकरची नव्हती. बुधवारी सेमिसी सगळ्यांच्या आधी मैदानावर होता. हॉलोवेसारखाच कमरेवर हात ठेवून अखंड बडबड करत तो व्होइनोविचच्या अंगावर आला, पडला, पुन्हा आला. अंधारून आलं, कोचांनी सराव संपवला, तरी फळीतले पाचही जण जागचे हलेनात.

“अजून एकदा,” व्होइनोविच म्हणाला. “आता हूल देऊन ये.”

रविवारी ओमाहाच्या मैदानावर सेमिसी ओव्हरकोट घालून रेषेबाहेर उभा होता. त्या दिवशी खेळणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. हॉलोवे उजवीकडून आला, मधून आला, हूल देऊन आला. दर वेळी व्होइनोविच तिथे आधीच हजर. सामन्याच्या चारही सत्रांत हॉलोवेचा हात टोलेडोच्या क्वार्टरबॅकला एकदाही लागला नाही.

सामना संपल्यावर हॉलोवे व्होइनोविचपाशी गेला आणि काही विचारलं. व्होइनोविचने बोटाने ओव्हरकोटवाल्याकडे दाखवलं. हॉलोवे हेल्मेट हातात घेऊन मैदान ओलांडून सेमिसीपाशी आला. जवळच पेट्राको कागद गोळा करत होते.

“दर बुधवारी तू मी होतोस म्हणे?”

“या एकाच बुधवारी.”

हॉलोवे मोठ्याने हसला. “आमचा कोच तुझ्यासारखाच माणूस शोधतोय. खांब नको, पळणारा हवाय त्याला. मार्चमध्ये मोकळा होतोयस ना तू?”

“हो.”

“मग ये. मी सांगतो त्याला. माझं सांगणं तो मोडत नाही.” हॉलोवेने आवाज खाली आणला. “आता एक सांग यार. मी निघायच्या आधी तुला कळतं कसं? काय दिसतं माझ्यात?”

पेट्राकोंचे हात थांबले.

सेमिसीने हॉलोवेकडे पाहिलं. वाफाळलेलं कपाळ, चिखलाने भरलेले बूट, चेहऱ्यावर निव्वळ कुतूहल. या माणसाला त्याने सगळा आठवडा आपल्या अंगावर वागवलं होतं.

“मार्चमध्ये नक्की सांगेन,” तो म्हणाला. “जानेवारीत आम्हाला तुमच्याशी पुन्हा खेळायचंय.”

हॉलोवेने क्षणभर त्याच्याकडे बघितलं, मग हात पुढे केला. सेमिसीने तो हातात घेतला.

हॉलोवे गेल्यावर सेमिसी वळला. पेट्राको अजून तिथेच होते. त्यांनी कागदांची चळत काखेत मारली आणि सेमिसीबरोबर चालू लागले.