मथुराबाईच्या चपला

अख्ख्या तेर गावात रणधीरइतका उंच माणूस दुसरा नव्हता. एसटीत चढला की मान वाकवायचा, कुणाच्या लग्नाला गेला की मांडवाची झालर त्याच्या केसांत अडकायची. शाळेतल्या सरांनी त्याच्या हातात बास्केटबॉल दिला, त्या खेळानं त्याला पुढे दिल्लीपर्यंत नेलं आणि चोविसाव्या वर्षी पोर्तुगालमधल्या एका छोट्या क्लबानं करारावर बोलावून घेतलं. गावानं वेशीवर बॅनर लावलं. त्यावरही गडी मावला नाही, फोटोतले पाय कापावे लागले.

तिकडं गेल्यावर कळलं, की तिथल्या खेळाडूंत साहेब मधल्या उंचीचे आहेत. दोन हंगाम तो बाकावर बसला. सरावात जीव तोडून पळायचा. सामन्यात मात्र कोचची नजर त्याच्यापर्यंत यायची आणि शेजारच्यावर जाऊन थांबायची. न भिजलेली जर्सी घडी करून बॅगेत ठेवताना त्याला लाज वाटायची. हळूहळू त्या लाजेचीही त्याला सवय झाली.

इकडं त्याची आई, मथुराबाई, तो विमानात बसला त्याच दिवसापासून अनवाणी झाली होती. तुळजाभवानीला नवस बोलली होती, "लेक तिकडं सामन्यात उतरंस्तोवर म्या पायात चपला घालणार न्हाय." रणधीरला हे ठाऊक होतं. पहिल्या हंगामात त्याला वाटलं, आज नाही तर उद्या उतरवतील. दुसऱ्या हंगामात बहिणीचा, राजेश्वरीचा, फोन आला. "दादा, तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडलाय. पू झालाय, तरी तशीच रानात हिंडतीया. डॉक्टर म्हणला चप्पल घाला, तर त्यालाच नवस सांगत बसली."

त्या संध्याकाळीही तो बाकावरच बसून परत आला होता. खोलीवर येऊन त्यानं आईला फोन लावला.

"माय, आज खेळलो."

"व्हय रं? खरंच?"

"व्हय."

"पडला-बिडला न्हाईस नव्हं?"

"न्हाई."

 मग राजेश्वरीनं फोन घेतला आणि म्हणाली, माय रडतीया.

टाच बरी व्हावी म्हणून बोललो, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण एकदा खेळला म्हटल्यावर पुढच्या फोनला किती बास्केट टाकले हेही सांगावं लागलं. गावात पेढे वाटले गेले. मे महिन्यात क्लबानं हात जोडून त्याला निरोप दिला, तेव्हा घरी त्यानं सुट्टी मिळाल्याचं कळवलं.

तो स्टँडवर उतरला तर मथुराबाई समोर. लेकाच्या तोंडाकडं बघायच्या आधी तिनं लुगडं जरा वर धरलं आणि लाल पट्ट्यांच्या चपला दाखवल्या. "बघ, घातल्या! पन देवीची ओटी ठिवलीया. तू आल्याबिगर कशी भरू?"

रणधीरनं टाळाटाळ केली. ऊन लई आहे, गर्दी असंल, पुढच्या आठवड्यात जाऊ. पण मथुराबाई कुठली ऐकतेय? मंगळवारी दोघं तुळजापुरात हजर.

महाद्वाराजवळच्या दुकानात चपला-बूट ठेवून ते आत गेले. रांग सरकत सरकत गाभाऱ्यापाशी आली. मथुराबाईनं खण-नारळानं ओटी भरली, लेकाच्या मानेवर हात ठेवून त्याला वाकवलं आणि आजूबाजूच्या चार बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "आई, तू शब्द राखलास, म्याबी राखला. ह्यो बघ माझा रणधीर. खेळला गं!"

रणधीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावाला फसवलं होतं, बॅनरला फसवलं होतं, तेवढं त्यानं पचवलं असतं. पण जिनं उभ्या आयुष्यात देवीपुढं खोटा शब्द काढला नव्हता, तिच्या तोंडून आज त्यानं तो वदवला होता.

बाहेर पायऱ्यांवर बसून तिनं त्याच्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं. त्यानं ते तसंच मुठीत धरलं.

"माय, म्या खेळलो न्हाई."

"कवा?"

"कवाच न्हाई. दोन्ही वर्षं बाकावर बसून काढली. तुझ्या टाचेचं कळलं म्हणून त्या दिवशी खोटं बोललो. आता तर क्लबानं काढूनच टाकलंय."

तिनं शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी, असं त्याला फार वाटत होतं.  पण मथुराबाई उठली, कळसाकडं तोंड करून तिनं हात जोडले. "आई, माफी कर. लेकरू माझ्यापायी खोटं बोललं."

दुकानावर आल्यावर रणधीरनं बूट घातले, दुकानदारानं तिच्या चपला पुढं सरकवल्या. तिनं पायात घातल्या नाहीत, वाकून उचलल्या आणि रणधीरच्या हातातल्या पिशवीत टाकल्या.

"माय, घाल की गं. डांबर तापलंय."

"खेळशील तवा घालीन."

"अगं, क्लबच न्हाई तर खेळू कुठं?"

"दुसरा हुडीक."

"आन न्हाई मिळाला तर?"

 पदर डोक्यावर ओढून ती स्टँडच्या रस्त्याला लागली. रणधीर तिथंच खाली बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला. तिनं मागं वळून पाहिलं आणि तशीच परत आली.

"घाल आधी ते! पाय भाजले तर पळशील कसा? तुझं पाय खेळायला लागत्यात."

त्यानं मुकाट्यानं नाडी बांधली. ती पुढं निघाली, न लंगडता, न थांबता. जाणारे-येणारे मान वर करून त्याच्याकडं बघत होते. एवढ्या उंचीचा आज तरी काही उपयोग व्हावा म्हणून तो तिला खेटून, उन्हाच्या बाजूनं चालू लागला. पण मे महिन्यातली ऐन दुपार होती. त्याची सावली त्याच्या बुटांपुरतीच पडत होती.