जागे ते वाटसरू

एकोणीस वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र लांब नव्हतं, रागाचंही नव्हतं. रागाचं असतं तर सोपं गेलं असतं. रागावलेल्या लोकांसाठी आमच्या कार्यालयात छापील उत्तर तयारच असे.

मी तेव्हा गणना कार्यालयात नमुने तयार करायचो. नमुने म्हणजे मोजणीचे छापील अर्ज. कुठला प्रश्न आधी, कुठला नंतर, रकाना किती रुंद, हे ठरवणं माझं काम. महानगर परिसरातल्या बेघर माणसांची पहिली मोजणी व्हायची होती. अकरा नगरपालिका, एक रात्र आणि एकच नमुना. प्रश्न एक: आपल्याला घर आहे का? प्रश्न दोन: काल रात्री कुठे झोपलात? आणि मोजणाऱ्यांसाठी सूचना क्रमांक सात: "आडवी झालेली व्यक्ती मोजावी. चालत, उभी किंवा बसून जागी असलेली व्यक्ती वाटसरू समजून वगळावी."

ही सूचना माझीच. रात्री दोनला जागा असलेला माणूस घरी निघालेला असणार, असं मला प्रामाणिकपणे वाटलं होतं. मी स्वतः साडेनऊला झोपतो.

मोजणी झाली, आकडा जाहीर झाला, आणि तीन आठवड्यांनी ते पत्र आलं.

"महोदय, मोजणीच्या रात्री आपला माणूस माझ्या बाकाशी आला. त्याने मला किती वाजले ते विचारले. मी सांगितले. मग शेजारी झोपलेल्या गृहस्थांची नोंद करून तो पुढे गेला. त्या बाकावर मला सहा महिने झाले. बाईमाणूस उघड्यावर रात्री झोपत नाही, दिवसा झोपते. मी वाटसरू नाही. मला कोणत्या रकान्यात धराल, ते कळवावे."

खाली पत्ता होता: सार्वजनिक वाचनालय, वाचनकक्ष, खिडकीकडून तिसरे टेबल. वेळ नऊ ते दोन.

अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी उत्तराचा मसुदा केला, तो आवक-जावकच्या कारकुनाने परत आणला. "साहेब, टेबलाला पत्र जात नाही. घर क्रमांक लागतो." मला तेव्हा हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं. पुढे आणखी तीन मसुदे केले. खरं उत्तर एका ओळीचं होतं, तुमच्यासाठी रकानाच नाही. ते लिहायला हात धजेना. निवृत्त झालो तेव्हा पत्र घरी आणलं आणि शब्दकोशात ठेवलं, 'रकाना' या शब्दाच्या पानात.

मागच्या महिन्यात एका सकाळी आठ वाजता माझी भाची दारात उभी राहिली. आता ती त्याच कार्यालयात आहे आणि यंदाच्या मोजणीची प्रमुख आहे. घरात शिरताना तिने चपला काढल्या की भिरकावल्या, कळलं नाही.

"मामा, चष्मा लावा. चार वाजता छापखान्याला द्यायचंय. शुद्धलेखन तेवढं बघा. मजकुराला हात लावायचा नाही, अकरा नगरपालिकांनी मान्य केलाय."

मी वाचायला बसलो. दोन वेलांट्या सुधारल्या. चौथ्या पानावर आलो आणि पेन्सिल थांबली. सूचना क्रमांक सात. अक्षर न अक्षर तीच.

"हे कुणी लिहिलं?"

"जुन्या नमुन्यातलं आहे. कोण होता कुणास ठाऊक, पण हुशार असणार. एका ओळीत निम्मी रात्र वाचवलीय."

"तो हुशार माणूस मीच."

ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. मी शब्दकोश काढला आणि पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिने ते दोनदा वाचलं.

"हे तुम्ही एकोणीस वर्षं दाबून ठेवलंत?"

"दाबून नाही. शब्दकोशात."

"मामा!" ती उठून खोलीत फिरायला लागली. माझ्या खोलीत तीन पावलांत भिंत येते, त्यामुळे ती सारखी वळत होती. "म्हणजे आम्ही चार मोजण्या अशाच केल्या. जागे ते वाटसरू. तरीच बायकांचा आकडा एवढा कमी येतो. आम्ही त्यावर निबंध लिहिलेत, मामा. बायका नातेवाइकांकडे जातात म्हणून."

"मग काढून टाक ती ओळ."

"अकरा जणांना काय सांगू? माझ्या मामांना पत्र आलं होतं? निवाऱ्याच्या जागा या आकड्यावर ठरतात. पुढची मोजणी पाच वर्षांनी. मला आकडा लागेल, आणि तो आज दुपारपर्यंत लागेल." तिने घड्याळ पाहिलं. "वाचनालय किती वाजता उघडतं?"

"नऊ." मला हे पाठ होतं. गेली नऊ वर्षं मी तिथे रोज जातो. खिडकीकडच्या तिसऱ्या टेबलावर मात्र कधी बसलो नाही.

"उठा मग. प्रश्न तुम्ही विचारायचे, मी लिहून घेईन."

"मी? मी प्रश्न लिहितो. विचारलेले नाहीत कधी."

"आज विचारा."

तिथल्या ग्रंथपाल बाई बारीक चणीच्या आणि खड्या आवाजाच्या. भाचीने कामाचं सांगितलं, तेव्हा त्यांना जराही नवल वाटलं नाही. "माझ्याकडे दोन प्रकारचे वाचक येतात," त्या म्हणाल्या. "एक पान उलटणारे, एक न उलटणारे. न उलटणाऱ्यांना मी उठवत नाही. नियम घोरण्याविरुद्ध आहे, झोपेविरुद्ध नाही. तुम्ही विचारा, पण हळू. आणि ज्याला सांगायचं नाही त्याला छळू नका."

वाचनकक्षात एकतीस माणसं होती. पहिले गृहस्थ इस्त्रीच्या सदऱ्यातले, वर्तमानपत्र ताठ धरलेले. मी स्वतःची ओळख सांगितली.

"आपल्याला घर आहे का?"

"आहे की. का, तुम्हाला हवंय?"

मी कानापर्यंत लाल झालो. भाचीने कागदावर 'आहे' लिहिलं. पुढच्या टेबलावर कायद्याचं जाड पुस्तक उघडून एक बाई बसल्या होत्या. मी दुसरा प्रश्न विचारला.

"काल रात्री कुठे झोपलात?"

"झोपले नाही," त्या म्हणाल्या आणि पुस्तकात बघायला लागल्या.

भाची माझ्या कानाशी कुजबुजली, "सूचना सात. वाटसरू. खोडू?"

मला ते सहन होईना. तिसऱ्या टेबलाशी पोचलो तेव्हा प्रश्न डोक्यातून पार उडाला होता. तिथे तिशीची एक बाई पायांमध्ये पिशवी घट्ट धरून बसली होती. ती माझ्याकडे बघत होती आणि मला काहीतरी बोलणं भाग होतं. माझे वडील पाहुण्यांना विचारायचे तेच तोंडातून गेलं.

"काल मुक्काम कुठे होता?"

"काल ना?" ती सहज म्हणाली. "काल बस स्थानकात, फलाट चार, बसूनच. परवा मैत्रिणीकडे, पण तिचा नवरा गावाहून आला. त्याआधी मावशीकडे अकरा दिवस."

"आणि आज?"

"आज बघायचंय. संध्याकाळी ठरतं ते."

भाचीची लेखणी थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग मी चक्क मागे फिरलो. कायद्याच्या पुस्तकाशी गेलो.

"बाई, पुन्हा त्रास देतो. काल मुक्काम?"

"मुक्काम होय? मोठ्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर. तिथे कुणी विचारत नाही, पेशंटचं माणूस समजतात."

आणि ते इस्त्रीचे गृहस्थ? त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी केली. "मुक्काम म्हणाल तर कचेरीच्या जिन्याखाली. पहारेकरी ओळखीचा आहे. घर आहेच हो माझं. त्यात धाकटा भाऊ राहतो."

घर विचारलं की माणूस अब्रू सांभाळतो. झोप विचारली की गप्प होतो. मुक्काम मात्र कुणाचाही असतो, साहेबाचा असतो, सर्कशीचा असतो, आणि तो हलला म्हणून कुणाची मान खाली जात नाही. चाळीस वर्षं शब्दकोश चाळून मला हे कळलं नव्हतं. कदाचित आताही मी जरा जास्तच बोलत असेन. पण त्या सकाळी माझे कान तापले होते आणि काठी टेबलाला टेकवून मी विसरलो होतो. एका टेबलावरून दुसऱ्यावर जवळजवळ धावत होतो. ग्रंथपाल बाईंनी 'शांतता राखा' या पाटीकडे दोनदा बोट दाखवलं.

"मामा, सावकाश, पडाल," भाची म्हणत होती आणि स्वतः माझ्यापुढे पळत होती.

साडेबाराला आम्ही जिन्यावर बसून बेरीज केली. एकतीसपैकी चौघांनी सांगायचं नाही म्हटलं, दहा जण घरून आले होते. सतरा जणांचा आजचा मुक्काम ठरलेला नव्हता, त्यांत अकरा बायका. काल रात्री आडवे झालेले किती? दोन. म्हणजे माझ्या नमुन्याने सतरापैकी दोन मोजले असते आणि पंधरा वाटसरू घरी पाठवले असते.

भाचीने तिथूनच एकेका नगरपालिकेला फोन लावले. आधी आवाज मऊ होता, पाचव्या फोनपर्यंत तो ग्रंथपाल बाईंसारखा झाला. "हो, दिवसाही मोजायचं. वाचनालयं, दवाखाने, बस स्थानकं. नाही साहेब, अंदाज नाही, माणसं मोजलीत, माझ्या हातात कागद आहे." पावणेतीनला अकरावा होकार आला. मग छापखाना.

"सूचना सात काढा. दुरुस्त नाही, काढा. प्रश्न एक आणि दोनच्या जागी घ्या: काल मुक्काम कुठे होता? आज कुठे आहे? काय? पानं सरकतील? सरकू देत की."

तिने फोन ठेवला आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. तिच्या लहानपणी मी तिला एकदाच धपाटा घातला होता, तो बहुधा सव्याज परत आला.

काठी घ्यायला मी आत गेलो. ग्रंथपाल बाई ती घेऊनच उभ्या होत्या. का कोण जाणे, मी खिशातलं पत्र काढून त्यांना दाखवलं. त्यांनी अक्षर लांबूनच ओळखलं.

"मी तेव्हा इथे नवीन होते," त्या म्हणाल्या. "ही बाई रोज विचारायची, माझं पत्र आलं का. दोन महिने. मी सांगायचे, सरकारी उत्तर आहे, वेळ लागतो."

त्यांनी कपाटातून एक जुनी नोंदवही काढली आणि माझ्यासमोर उघडली. तेच वळणदार अक्षर. "मला खोली मिळाली आहे. गणना कार्यालयाचे पत्र आल्यास पुढील पत्त्यावर पाठवावे." खाली पत्ता होता. घर क्रमांक दोनदा गिरवलेला.

"अजून तिथेच असतील का?" मी विचारलं.

"ते मला काय माहीत? दोन वर्षांपूर्वीपर्यंत तरी होत्या. तिथूनच वाचून झालेली पुस्तकं पाठवायच्या."

खिडकीकडून तिसऱ्या टेबलावर फलाट चारवाल्या बाई आता डोकं टेकून झोपल्या होत्या. मी समोरच्या खुर्चीवर हळूच बसलो आणि पाचवा मसुदा केला.

"आपल्या पत्राला उत्तर द्यायला एकोणीस वर्षं लागली. चूक माझी होती, सूचना मी लिहिली होती. आपल्यासाठी रकाना नव्हता. आजपासून आहे. आपलं पत्र नसतं तर तो झाला नसता. आपण वाटसरू नव्हता."

खाली सही केली. हुद्दा लिहायची सवय आडवी आली, तो खोडला.

"मामा, टपालपेटीतली पत्रं पाचला नेतात," भाची दारातून म्हणाली.

"पोचतो." तिकीट मी तीनदा दाबून बसवलं, घर क्रमांक नोंदवहीशी पुन्हा ताडून पाहिला. मग कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट सोडलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकून बाजूला झालो.