डोकं वेदीकडे

फादर कॉलमन देवाघरी गेला आणि त्याच्याबरोबर त्याची चौकशीही गेली. आरोपीच उरला नाही तर कसली चौकशी, असं बिशपांच्या कचेरीतून कळवलं. दोषी नाही, निर्दोष नाही, काहीच नाही!

त्याची बहीण अट्रॅक्टा तीन वर्षं त्या कचेरीचे उंबरे झिजवत होती. बेकरीवाल्याच्या फर्गलने, चाळिशीला आल्यावर, शाळेत असताना नको तिथे हात लावला असं सांगत फादर कॉलमनवर बोट ठेवलं होतं. लगेच फादरचा धर्मगुरूचा पांढरा गळपट्टा उतरवला, चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना चालवायला बंदी केली, आणि मग घोंगडं भिजत ठेवलं. मेल्यांनो, दोघांना समोर बसवून ऐकून घ्यायला काय धाड भरली होती? शेवटी सुनावणीची तारीख दिली, तीही पुढच्या महिन्याची.

आता शवपेटी कशी ठेवायची हा प्रश्न आला. आमच्याकडे साध्या माणसाची पेटी चर्चमध्ये पाय वेदीकडे करून ठेवतात. धर्मगुरूचं मात्र डोकं वेदीकडे आणि तोंड लोकांकडे, जन्मभर उभा राहिला तसं.

"डोकं वेदीकडेच!" अट्रॅक्टाने नव्या फादर ओवेनला ठणकावलं. "त्याच्यावर काही शाबित झालंय?"

"बिशप म्हणाले, घरच्यांनी ठरवावं."

"वा रे वा! तो जिवंत होता तेव्हा घरच्यांना कुत्रं विचारत नव्हतं, आणि आता घरच्यांनी ठरवावं!"

संध्याकाळी पेटी घरी बैठकीत ठेवली होती. यायला हवे होते त्यातले निम्मेही आले नाहीत. हॅमची सँडविचं ताटात सुकत पडली. आणि दारात फर्गल उभा राहिला. अट्रॅक्टाने त्याला पहिलीत शिकवलं होतं.

"आता काय राहिलंय तुझं? झालं ना सगळं मनासारखं?"

"माझ्या मनासारखं?" तो म्हणाला. "मलापण तीच तारीख होती, मिस. म्हटलं, एकदाचं कोणीतरी विचारेल, लिहून घेईल. आता कोण विचारणार?"

अट्रॅक्टाने त्याला हाताला धरून परसात नेलं. "मला सांग. खरं सांग. त्याने केलं?"

"मी हो म्हटलं तर मानाल?"

तिने त्याचा हात सोडला.

"आणि नाही म्हटलं असतं तर लगेच मानलं असतं," तो म्हणाला. "तुमचं काय चुकलं त्यात? भाऊ तुमचा. म्हणून तर तिसरं कोणीतरी हवं होतं, मिस."

तो चहाही न घेता गेला. ती परसातच पायरीवर बसून राहिली. कॉलमनने तिच्यासमोर कितीदा शपथ घेतली होती! खोटं बोलणाऱ्याचे डोळे असे असतात का? आणि फर्गलचे तरी तसे होते का?

सकाळी पेटी चर्चमध्ये आणली आणि खांदेकरी वेदीसमोर थबकले.

"लवकर सांग गं बाई, कसं ठेवायचं?" गिलहूली म्हणाला. "खांदे मोडले आमचे."

तिने पहिल्या बाकावरून मागे पाहिलं. शेवटच्या बाकावर फर्गल खाली मान घालून बसला होता. डोकं वेदीकडे म्हणावं, तर हे पोर सगळ्या गावासमोर खोटं ठरणार. पाय म्हणावं, तर पेटीतला गुन्हेगार ठरणार, आणि त्याला आता तोंडही उघडता येणार नव्हतं. मधलं काही नव्हतंच.

"आईची ठेवली होती तशी ठेवा," ती म्हणाली.

गिलहूली बघतच राहिला. मग त्यांनी पेटी फिरवली. पाय वेदीकडे. चर्चभर खुसफुस झाली.

"बघ," मागून कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "म्हणजे बहिणीला सगळं माहीत होतं."

अट्रॅक्टा ताडकन उठली. "मला काहीच माहीत नाही!" ती ओरडली. "कोणालाच माहीत नाही! कोणी ऐकूनच घेतलं नाही हो!"

फादर ओवेनने घाईघाईने ऑर्गनवाल्याला वाजवायला सुरुवात कर अशी खूण केली.