तिघींची सायकल

मी एक जुनी लेडीज सायकल आहे. माझा रंग उडाला आहे, घंटी घशात काही अडकल्यासारखी वाजते, आणि मित्रांनो, मी नेमकी कोणाची, हे मला अजूनही धड सांगता येत नाही.

त्र्याहत्तर साली इतवारीतल्या दुकानातून गोपिका, उत्तरा आणि प्रेमिला या तिघींनी मला मिळून घेतले. तिघी नागपूरच्या तीन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत वार्ताहर. त्या तीन मालकांचे आपसात विळ्याभोपळ्याचे सख्य! एकाच्या माणसाने दुसऱ्याच्या माणसाशी संबंध ठेवला की नोकरी गेलीच. म्हणून तिघींनी मला गुपचूप वाटून घेतले. सकाळी गोपिका मला विधानभवनावर न्यायची, दुपारी प्रेमिला कोर्टात, संध्याकाळी उत्तरा आपल्या कचेरीत. आज माझे घर कोणते, या विचाराने मी गोंधळून जायचे. पण पाककृतींचे सदर सोडून खऱ्या बातमीमागे धावायला त्यांना माझाच आधार होता, म्हणून माझी ऐटही काही कमी नव्हती.

एकदा हिवाळी अधिवेशनात गोपिकाने आणलेली बातमी उत्तराच्या पेपरात आधी छापून आली. कुठून फुटली, देव जाणे. गोपिकाचे संपादक मनोहरराव संतापले. मी त्यांच्या खिडकीखालीच उभी होते.

"तुमची सायकल काल त्यांच्या दारात काहून उभी होती? बातमी तुम्हीच नेऊन दिली ना?"

"नाही," एवढेच गोपिका म्हणाली. मला काही सुचेना. अगं, सांग ना, उत्तराने नेली होती म्हणून! पण नाव घेतले तर उत्तराची नोकरी जाणार, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरले.

"उद्यापासून येऊ नका," मनोहरराव म्हणाले.

कोपऱ्यावर उत्तरा मला न्यायला आली होती. गोपिकाने रडत रडत सगळे सांगितले. उत्तरा तडक कचेरीच्या दाराकडे निघाली.

"जाऊ नको वं! तुझीबी नोकरी जाईल!"

"जाऊ दे. चोर ठरून तू का घरी बसायचं?"

आत जाऊन ती मनोहररावांना म्हणाली, "सायकल आम्हा तिघींची आहे. काल मी नेली होती. गोपिकाने मला बातमीतला एक शब्दही सांगितलेला नाही."

चोरीचा आळ गेल्यावर मनोहररावांनी सायकलीकडे काणाडोळा केला आणि गोपिकाची नोकरी राहिली. उत्तराचे बोलणे तिच्या मालकांच्या कानावर गेले, आणि तिची तिसऱ्या दिवशी गेली. ती नागपूरजवळच्या खापा गावातल्या शाळेत शिकवायला गेली. मला सोबत ने, असे दोघींनी म्हटले, तर ऐकेना. "नव्या मुलींना लागेल," म्हणाली.

तेव्हापासून कुठल्याही पेपरात नवी मुलगी लागली की गोपिका स्वतः जाऊन तिच्या हातावर माझी किल्ली ठेवायची, तीही सगळ्यांदेखत. "आपण एकमेकीले ओळखतो, हे लपवाचं काहून?" म्हणायची.

आता मी प्रेमिलाच्या पडवीत गंजते आहे. मित्रांनो, मला तेल घातले नाहीत तरी चालेल. पण सायकल कोणाच्या दारात दिसली, एवढ्यावरून कोणाला घरी बसवू नका.

त्या दिवशी मला वाचा असती, तर मी खरे बोलून उत्तराला बुडवले असते, की गप्प राहून गोपिकाला? इतकी वर्षे झाली, मला ठरवता येत नाही. उत्तराला मात्र त्या दारातून आत जायला क्षणही लागला नव्हता.