तेलाचं कुणी सांगितलं नव्हतं

बळवंत हे कुत्र्याचं नाव, हे आधीच सांगितलेलं बरं. दिल्लीत, मयूर विहारच्या सोसायटीत नवा पोस्टमनही एकदा फसला होता. वय अकरा, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, आणि आता डाव्या डोळ्याखाली, गालात, कॅन्सरची गाठ. फरीदाबादच्या प्राण्यांच्या हॉस्पिटलात त्याला रेडिएशन चालू होतं. दहा वेळा द्यायचं होतं, सहा वेळा झालं होतं.

झोत गाठीवर नेमका पडावा म्हणून डॉक्टर वल्लरींनी गालावरचे केस काढून जांभळ्या शाईच्या तीन फुल्या काढल्या होत्या. दर वेळी भूल देऊन त्या फुल्यांवर मशीनच्या लाल रेषा जुळवायच्या. खात्रीचा एक्स-रे पाच वेळांतून एकदाच, कारण भूल जितकी लांबेल तितका त्याच्या म्हाताऱ्या हृदयाला धोका. झोत जरा वर सरकला तर उरलेला डोळा जाईल, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फुल्यांना पाणी लावू नका, पुसट झाल्या तर स्वतः काढू नका, आम्हाला कळवा. बळवंतच्या मालकांनी, सूर्यकांतरावांनी, हे सगळं नंबर घालून फ्रिजवर चिकटवलं. सदतीस वर्षं केंद्र सरकारच्या फायली हलवलेला माणूस. नियम म्हटला की त्यांना तरतरी येते.

तेलाचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. दिल्लीत कुत्र्याला तेल लावतं कोण?

नरकचतुर्दशीच्या पहाटे सूर्यकांतरावांच्या बायकोने, कुमुदताईंनी लावलं. आज पारोसा राहील तो नरकात जातो, आणि बळवंतची ही शेवटची दिवाळी असेल तर त्याला तसा ठेवायला त्यांचं मन धजेना. पाट मांडला, पाठीला कोमट तेल चोळलं, चिमूटभर उटणं लावलं, ओल्या फडक्याने अंग पुसलं. पाणी गालापासून चार हात लांब ठेवलं. पण तेलाचा हात सवयीने कानामागून गालावर फिरला. बोटं जांभळी दिसली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. तिन्ही फुल्या पुसून गाल लख्ख झाला होता.

सूर्यकांतराव बाथरूममध्ये होते. सांगितलं तर सगळी मापं नव्याने घेणार, आजची वेळ हुकणार. उद्यापासून हॉस्पिटल चार दिवस बंद, आणि खंड पडला की गाठ पुन्हा डोकं वर काढते असं डॉक्टरच म्हणाल्या होत्या. शिवाय, फ्रिजवरचं वाचता येत नाही का, हे जन्मभर ऐकावं लागणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी गाल कोरडा केला, मोबाइलमधला फोटो उघडला आणि जांभळ्या मार्करने तीन फुल्या काढल्या. रांगोळीत त्यांचा हात धरणारं सोसायटीत कुणी नव्हतं. फुल्या झकास उतरल्या.

गाडीत मात्र चोराच्या मनात चांदणं. उजवा हात त्यांनी पदराखाली धरला होता. मांडीवर डोकं टेकलेल्या बळवंतला उटण्याचा वास येत होता. कालिंदी कुंजच्या ट्रॅफिकला एरवी शिव्या घालणारे सूर्यकांतराव आज गप्प होते. त्यांनाही भुलीची काळजी असेल, असं कुमुदताईंना वाटलं.

बळवंतला भूल दिली, टेबलावर निजवलं. आज एक्स-रेची पाळी नव्हती. लाल रेषा फुल्यांवर बरोब्बर बसल्या. "परफेक्ट," म्हणत डॉक्टर वल्लरी बाहेर आल्या आणि जाडजूड दार बंद झालं. बाहेरच्या पडद्यावर बळवंत दिसत होता. जीभ एका बाजूला लोंबलेली, डावा डोळा उघडाच. भुलीत कुत्र्यांचे डोळे मिटत नाहीत. डॉक्टरांचा हात बटणाकडे गेला.

"रुकिए," कुमुदताई म्हणाल्या. "वो निशान मैंने बनाए हैं. असली वाले तेल से मिट गए."

कुणी आवाज चढवला नाही, त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली. एक्स-रे काढला, मापं पुन्हा घेतली. भूल वीस मिनिटं लांबली. हृदयाचे ठोके मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक मध्येच मंदावायला लागली, तशी डॉक्टरांनी धावत आत जाऊन एक इंजेक्शन दिलं. कुमुदताईंनी डोळे गच्च मिटून घेतले. हा आता इथेच गेला तर तो आपल्या हातून गेला, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. हळूहळू ठोके सावरले. मग डॉक्टरांनी त्यांना पडद्याजवळ बोलावून बोट ठेवलं. "आठ मिलीमीटर ऊपर. सीधा आँख पर जाता."

नव्या फुल्या निघाल्या, झोत सुटला. तीन-चार मिनिटांत सगळं आटपलं.

बळवंत शुद्धीवर येईपर्यंत दोघं त्याच्या पिंजऱ्याशेजारी बाकावर बसली होती. कुमुदताई बोलणी खायला तयार होत्या. सूर्यकांतरावांनी त्यांचा उजवा हात पदराखालून काढला आणि जांभळ्या बोटांकडे पाहत राहिले.

"गाडीत बसतानाच दिसली होती मला ही बोटं," ते म्हणाले. "लगेच समजलो. पण वाटलं, चार दिवस बंद, आजचं तर होऊन जाऊ दे. तू बोलली नसतीस, तर मीही बोललो नसतो, कुमुद."

ज्यांच्या बोलण्याला कुमुदताई सकाळपासून भीत होत्या, ते त्यांच्याइतकेच गप्प बसले होते.

पिंजऱ्यात खुडबुड झाली. बळवंतने जड मान उचलली. तेलाच्या वासाच्या दिशेने नाक हलवत त्याने त्या एका डोळ्याने आधी कुमुदताईंकडे पाहिलं, मग सूर्यकांतरावांकडे, आणि शेपटी हलवली. त्याच्या नजरेला नजर देणं दोघांनाही जमलं नाही.