न हललेला हात

स्टुडिओच्या काउंटरमागच्या भिंतीवर जोतीरामचा फोटो होता. दोन वर्षांचं पोर, वेताच्या खुर्चीत बसवलेलं, डोक्यावर जरीची टोपी, गालाला तीट. प्रियदर्शनीच्या नवऱ्याचा, धैर्यशीलचा, हा थोरला भाऊ, धैर्यशील जन्मायच्या आधीच गेलेला. प्रियदर्शनी लग्न होऊन सांगलीहून कराडला आली तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, जत्रेच्या दिवशीचा फोटो आहे म्हणून. खरं काय ते याकूबचाचांनी सांगितलं.

याकूबचाचा तिच्या सासऱ्यांच्या, नाथाजींच्या वेळेपासून स्टुडिओत रिटचिंग करायचे. नाथाजी गेले, रीळ गेलं, डार्करूमच्या जागी कॉम्प्युटर आला, तरी चाचा रोज दहाला येऊन आपल्या स्टुलावर बसायचेच. एकदा ती डबा घेऊन आली असताना फोटोकडे बघत म्हणाले, "सूनबाई, ते पोरगं गेल्यावरचा फोटो हाय त्यो. मालकांनी सोता काढला. डोळे मी उघडले, ब्रशनं."

आसपासच्या गावांत तेव्हा माणूस जायचं आणि त्याचा एकही फोटो मागे नसायचा. मग त्याला टेकवून बसवायचं, फोटो काढायचा, आणि मिटलेले डोळे रंगवून उघडायचे. चाचांचा त्यात हात धरणारं कोणी नव्हतं. "मेलेल्याचा फोटो कदी हलत न्हाई," ते म्हणाले. "मालक म्हणायचे, जरा हललेला फोटो असला की समजायचं, माणूस जितं हाय."

त्या दिवसापासून प्रियदर्शनी त्या फोटोकडे पाठ करून बसायची. पाठीला मात्र ते डोळे कळायचे.

म्हणूनच की काय, फोटोग्राफरचं घर असून त्या घरात जावळ निघेपर्यंत लेकराचा फोटो काढायची चाल नव्हती. सासूबाई, सुलाबाई, त्याबाबत कोणाचं ऐकत नसत. बाळ आठ महिन्यांचं झालं होतं आणि त्याचा एकही फोटो नव्हता. नाव वीरधवल. प्रियदर्शनी बी.एस्सी. झालेली, फिजिक्स घेऊन. तिला हे पटत नव्हतं, पण बाळ झोपलं की नाकासमोर बोट धरून श्वास बघायची सवय तिलाही लागलीच होती. काहीतरी आहे, काहीतरी आपल्या नजरेतून सुटतंय, असं तिला दिवसभर वाटायचं. काय ते सांगता यायचं नाही. धैर्यशील म्हणायचा, "तू लेकराकडं बघतीस का राखण करतीस गं?"

सुलाबाईंना बाळाच्या एका गोष्टीचं भारी कौतुक होतं. बाळ काहीही घ्यायचं ते उजव्या हातानं. खुळखुळा उजव्या हातानं, बिस्किट उजव्या हातानं. डावीकडून दिलं तर अख्खं अंग वळवून उजवा हात पुढे करायचं. शेजारणीला बोलावून त्या दाखवायच्या. "आमच्याकडं जेवताना डावा हात लावल्यावर धपाटा खायाला लागायचा. ह्यो पोटातनं शिकून आलाय बघा." प्रियदर्शनीलाही ते ऐकून बरंच वाटायचं.

नवा कॅमेरा बाजारात यायचा होता त्या दिवशी पुण्याहून कंपनीचा माणूस आला. दुकानाच्या दारात निळं बॅनर लागलं, फुगे लागले. कॅमेरा बघून लोक हसलेच. पानाच्या डबीएवढा, शर्टाच्या खिशात जाईल इतका चपटा. अकराला लोक जमले आणि साडेअकराला लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ आधी दोनची होती, आदल्या आठवड्यात बदललेली, आणि ते पुण्याच्या माणसाला सांगायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्याला मात्र आनंदच झाला. "उलट बरं झालं. फ्लॅश नाही, स्टँड नाही, दुकानात अंधार. आता बघा. हात हलला तरी फोटो हलणार नाही."

"आमच्या दाजींचा हात सकाळच्याला लय हलतो," मागून कोणीतरी म्हणालं, "त्यास्नी चालंल का?"

लोक हसले. कंपनीच्या माणसाला कोणीतरी सारखी हालचाल करणारं हवं होतं, म्हणजे गंमत कळेल, आणि त्याची नजर डबा घेऊन आलेल्या प्रियदर्शनीवर, तिच्या मांडीवरच्या बाळावर गेली. ती नको म्हणाली. धैर्यशीलनं इकडेतिकडे बघून आवाज खाली केला. "अगं, कागदावर कुठं काढायचाय? कागदावर उतरला तर त्यो फोटो. ह्यो दाखवायचा आन् पुसून टाकायचा. आईला कशाला सांगायचं?"

त्या माणसानं सात फोटो काढले. मग मागच्या स्क्रीनवर मोठे करून सगळ्यांना दाखवले. मागच्या कपाटातल्या अल्बमवरची नावंसुद्धा वाचता येत होती. लोकांनी माना डोलावल्या. "हलणाऱ्या वस्तूचं आपण काही करू शकत नाही," तो म्हणाला, "आपण फक्त हाताची थरथर सांभाळतो. हे बघा, बाळानं हात हलवला, तेवढाच पुसट आलाय. बाकी दगडासारखं."

प्रियदर्शनीनं कॅमेरा हातात घेतला. बाळाचा उजवा हात धुरासारखा झाला होता. डोकं जरा हललेलं. पाय हललेले. डावा हात तिच्या साडीवर पडलेला होता आणि त्याची नखं मोजता येत होती.

तिनं दुसरा फोटो बघितला. तिसरा. बाळ हसलं होतं, रडायला आलं होतं, फुग्याकडे झेपावलं होतं. सातही फोटोंत उजवा हात वेगवेगळ्या जागी पुसट आणि डावा तिथंच, लख्ख. मूठ मिटलेली, अंगठा बोटांच्या आत.

मेलेल्याचा फोटो कदी हलत न्हाई.

तिनं कधी नव्हे ते मागे वळून जोतीरामकडे बघितलं. आजवर तिला त्या रंगवलेल्या डोळ्यांपलीकडे काही दिसलंच नव्हतं. आता तिनं हात बघितले. उजवा हात मांडीवर उघडा पडला होता. डाव्याची मूठ मिटलेली, अंगठा बोटांच्या आत.

"चाचा," ती हळूच म्हणाली, "हाताला तुम्ही काही केलं होतं का? ब्रशनं?"

याकूबचाचांनी चष्मा वर केला. "न्हाई. निस्ते डोळे. हात व्हता तसाच ठेवला."

दुकानात टाळ्या वाजत होत्या, पेढे वाटत होते. धैर्यशील जवळ आला तेव्हा ती म्हणाली, "हे पुसायचे नाहीत. कॅमेरा आज घरी न्यायचा."

"डेमो पीस हाय त्यो."

"असू दे."

त्यानं कॅमेरा तिच्या डब्याच्या पिशवीत ठेवला.

घरी सुलाबाई ताक घुसळत होत्या. प्रियदर्शनीनं बाळाला चटईवर ठेवलं, त्याच्या उजव्या मनगटाला दोन बोटांनी धरलं आणि डाव्या बाजूला खुळखुळा वाजवला. बाळानं बघितलं. त्याला तो हवा होता. उजवा हात सुटेना म्हणून त्यानं तोंड वाकडं केलं, पाय झाडले, शेवटी रडू फुटलं. डावा हात मात्र दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा पडून राहिला.

"कशाला रडवतीस गं त्याला?" सुलाबाई उठून आल्या.

तिनं कॅमेरा पुढे केला. आधी त्या भडकल्या. "फोटो काढला? माझ्या माघारी? जावळ निघालं न्हाई अजून, तुमाला सांगून सांगून..." मग त्यांची नजर स्क्रीनवर गेली आणि त्या थांबल्या. प्रियदर्शनी एकेक फोटो पुढे ढकलत गेली. सातव्याला सुलाबाई खाली बसल्या.

त्यांनी बाळाला जवळ ओढलं. मग बाळाची मूठ हातात घेऊन, आतला अंगठा चाचपत म्हणाल्या, "जोत्याचाबी आतच असायचा. मी म्हणायची, मुठीत नशीब धरून आलाय. त्योबी उजव्याच हातानं घ्यायचा. गावभर दाखवत हिंडली मी."

"आत्या, ते कशानं गेले?"

"झटकं यायचं. देवरसपण केलं, दोरं बांधलं. दोन वर्सं काढली त्यानं." त्यांनी बाळाला उचलून घेतलं. "चल. कुठं न्यायचा म्हणतीस तिथं मी येती."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं दोघी सांगलीला गेल्या. इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी अर्धा तास थांबली, तेवढ्या वेळात सुलाबाईंनी तीनदा बाळाच्या छातीला हात लावून बघितला. प्रियदर्शनीनं पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाला हे करताना पाहिलं.

लहान मुलांच्या मेंदूचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी बाळाला तपासलं, कॅमेऱ्यातले फोटोही बघितले. मग म्हणाले, "वर्षाच्या आत मूल डावं-उजवं निवडत नाही. निवडलं, तर दुसऱ्या हाताला काहीतरी झालंय असं धरायचं. तुम्ही कौतुक करत बसला नाहीत, ते बरं केलंत."

सुलाबाई जमिनीकडे बघत राहिल्या.

मेंदूचे फोटो निघाले, डोक्याला तारा लावून कागदाच्या पट्ट्या निघाल्या. जन्माच्या आधी की जन्मताना, मेंदूच्या एका बाजूला इजा झाली होती. जोतीरामला हेच होतं का, ते आता कोणाला सांगता येणार नव्हतं. झटके येतील किंवा येणारही नाहीत. आले तर लगेच यायचं, औषध आहे. हात मात्र जागा करता येईल, अजून वय आहे. रोज थोडा वेळ चांगला हात बांधून ठेवायचा आणि राहिलेल्या हाताला काम द्यायचं.

हातमोजा सुलाबाईंनीच शिवला, जुन्या लुगड्याचा, मऊ. उजव्या हातात घालताना त्यांचे डोळे भरायचे आणि बाळ हंबरडा फोडायचं. कधी बाळ रडता रडता एकदम गप्प व्हायचं, शून्यात बघायचं, आणि दोघी हातातलं टाकून त्याच्याकडे धावायच्या. मग ते शिंकायचं. घरात आता दोघी राखणीला होत्या.

कॅमेरा परत गेला नाही. रोज सकाळी दहाला, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून प्रियदर्शनी एक फोटो काढायची. तिचे हात थरथरायचेच. ती थरथर कॅमेरा सांभाळून घेईल, एवढ्यावर तिचा भरवसा होता. फोटोत जे हललेलं येईल ते बाळाचंच. पहिल्या आठवड्यात डावा हात दगडासारखा. दुसऱ्या आठवड्यात तसाच. महिना गेला. धैर्यशील कॉम्प्युटरवर ते फोटो एकाखाली एक लावून ठेवायचा, आणि उठून जायचा. रांगेतली ती लख्ख मूठ बघितली की प्रियदर्शनीला वाटायचं, वेताच्या खुर्चीतलं ते पोर रोज सकाळी तिच्या बाळाच्या डाव्या बाजूला येऊन बसतंय.

त्रेचाळिसाव्या दिवशी तिनं फोटो काढला, मोठा केला, आणि तिला नीट दिसेना. डाव्या मुठीच्या कडेला काहीतरी पुसट होतं. एवढंसं, तांदळाच्या दाण्याएवढं. तिनं श्वास धरून खिडकीची चौकट बघितली. चौकट साफ होती. चटईची काडी न् काडी साफ होती.

"आत्या, जरा इकडं या."

सुलाबाई पिठाच्या हातानं आल्या. त्यांनी स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघितलं, आणि पदराचं टोक घेऊन ती पुसट जागा घासायला लागल्या. एकदा घासली, दोनदा घासली.

"डाग पडलाय गं. जात न्हाई."

"राहू द्या," प्रियदर्शनी म्हणाली. "अंगठा आहे तो."

पदर तसाच हातात धरून सुलाबाई बाळाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "याकूबला सांग. ह्यो कागदावर काढ म्हणावं. आन् हात लावू नको म्हणावं त्याला, हाय तसाच काढ."